माझा जुना नंबर आता बुधरीकडे आहे

आरमोरी,
ता. ४ डिसेंबर

तीर्थस्वरूप गुणाबाईस, धाकट्या सुगंधाचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे साष्टांग आता प्रत्यक्षात होत नाही, कागदावर होतो, तो गोड मानून घ्यावा.) इकडे आम्ही दोघंही ठीक आहोत. तिकडे गोंडपिपरीला तुझी कंबर, भाऊजींची साखर आणि तुमच्या दारातली मारकी गाय, तिघंही ताब्यात असतील अशी आशा करते. कापसाला यंदा वेचणाऱ्या बाया मिळाल्या की नाही ते कळव. इकडे धान कापून झाला, खळ्यावर चुरणे चालू आहे, आणि घरात, अंथरुणात, चहात, सगळीकडे धानाचा कोंडा आहे.

तू म्हणशील, सत्तेचाळीस बटणांचा मोबाईल हातात असताना हिनं कागद-पेन का काढलं. तर बाई, गेल्या महिनाभरात माझ्यावर जे गुजरलं त्यानंतर विजेवर चालणाऱ्या कोणत्याही वस्तूवर माझा भरोसा राहिलेला नाही. सविस्तर लिहिते. तुला यातलं निम्मं ठाऊक आहे, तरी पुन्हा लिहिते, कारण मी सांगत असताना तू नेहमी दुसरीकडे पाहत असतेस.

बारा वर्षांपूर्वी आम्हा शिक्षकांचं संगणकाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं होतं. पहिले दोन दिवस आम्ही लाईन येण्याची वाट पाहिली आणि तिसऱ्या दिवशी दुपारी लाईन आली तेव्हा साहेबांनी घाईघाईनं एकच गोष्ट शिकवली: स्वतःचं संकेतस्थळ कसं काढायचं, फुकट आणि कायमचं. 'कायमचं' हा शब्द मी फळ्यावरून वहीत उतरवून घेतला होता, वही अजून आहे. बाकीच्यांनी आपापले फोटो आणि सत्कार टाकले. मी रोवणीची गाणी टाकायला घेतली. धानाचे पऱ्हे लावताना चिखलात वाकलेल्या बाया दिवसभर जे म्हणतात ते, एकीनं ओळ सोडायची आणि बाकीच्यांनी झेलायची. पाच पावसाळे मी शाळा सुटली की साडी खोचून शेताच्या धुऱ्याधुऱ्यानं मोबाईल धरून फिरले. (दोनदा पडले. एकदा मी एकटी पडले, एकदा मोबाईलसकट. मोबाईल त्या बांधीतल्या चिखलातच राहिला, त्यावर्षी तिथं धान मात्र चांगला पिकला.) अशी दोनशे बारा गाणी जमली. त्यांतल्या निम्म्याअधिक बाया आता नाहीत. शाळेच्या संगणकावर एक नक्कल होती, तो संगणक उंदरांनी आतून खाल्ला. म्हणजे ती दोनशे बारा गाणी या पृथ्वीवर एकाच जागी होती, त्या कंपनीच्या फुकट आणि कायमच्या जागेत. कंपनीचं नाव लिहीत नाही, लिहिलं की माझं बीपी वाढतं.

नऊ नोव्हेंबरला मी साड्यांच्या जाहिराती पुसत होते. त्या ढिगात मला कंपनीची मेल सापडली. ती सप्टेंबरपासून तिथं पडून होती. इंग्रजी माझं पाचवीपर्यंत शिकवण्याइतकं पक्कं आहे, पण ही मेल पाचवीची नव्हती, म्हणून मोबाईललाच मराठी करायला सांगितलं. त्यानं केलं ते असं: 'प्रिय वापरकर्ते, एका सुंदर प्रवासानंतर आम्ही आमची सेवा मावळवत आहोत.' मी तीनदा वाचलं. सूर्य मावळतो तो दुसऱ्या दिवशी उगवायच्या बोलीवर मावळतो, यांची ती बोली नव्हती. तीस नोव्हेंबरला सगळं पुसलं जाईल, तोवर आपापलं सामान उतरवून घ्या, आणि आमच्यासोबत आठवणी जपल्याबद्दल धन्यवाद. दोनशे बारा गाण्यांना हे लोक सामान म्हणाले. मी यांना (तुझे मेहुणे, रामाजी) हाक मारली. यांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, "चांगलं लिवलं आहे. आमच्या खात्यात निरोप समारंभाले इतकं गोड कोनी बोलत नोहोतं."

त्या मेलखाली लोकांनी आपलं म्हणणं लिहिण्याची जागा होती आणि तिथं सोळाशे लोक माझ्या आधी येऊन बसले होते. बाई, मयताच्या घरी बसायला गेल्यासारखं झालं. कुठल्या कुठल्या देशांतली माणसं. एकानं आपल्या मेलेल्या अकरा मांजरांचे फोटो बारा वर्षं जपून ठेवले होते. फिलिपिन्सच्या एका बाईनं सासूच्या हातचे लोणच्याचे एकशेतीस प्रकार. केरळमधल्या एका निवृत्त कंडक्टरनं आपल्या जिल्ह्यातल्या बंद झालेल्या सगळ्या एसटीचं वेळापत्रक. एक माणूस रोज पहाटे कंपनीला नव्यानं शिव्या देऊन जायचा, (मोबाईल त्यांचं भाषांतर करायला नकार देई, तारका टाकून मोकळा होई.) आणि एकानं लिहिलं होतं की ही जुनाट सेवा वापरत कोण होतं, बरं झालं, त्याला तीनशे जणांनी मिळून धुतला, त्यांत एक मी. तीन दिवस मी वाचत बसले. यांनी तीन दिवस स्वतःच्या हातचा चहा प्यायला आणि शेवटी चौथ्या दिवशी मोबाईल आणि माझ्यामध्ये येऊन उभे राहिले.

मग मी तिथंच रीतसर अर्ज लिहिला. प्रति, माननीय मालकसाहेब. विषय, सेवा बंद न करणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये विनंती करण्यात येते की. त्यात 'तीव्र निषेध' हा शब्द तीन ठिकाणी घातला आणि खाली सेवानिवृत्त मुख्याध्यापिका असं लिहिलं. चार मिनिटांत उत्तर आलं. 'सुगंधा, तुमच्या प्रेमळ शब्दांनी आमचा दिवस सुंदर केला.' मी अठ्ठावीस वर्षं अर्ज लिहिले आहेत, अर्ज फाडलेले पाहिले, हरवलेले पाहिले, त्यावर भजी बांधून आलेली पाहिली. पण निषेधाबद्दल आभार मानणारं कार्यालय मी पहिल्यांदा पाहिलं. कामाचं उत्तर दिलं ते त्या कंडक्टरनं. त्यानं लिहिलं की ताई, अर्ज सोडा, सामान उतरवण्याचं बटण दाबलं की मोबाईलवर ओटीपी येतो आणि तो खातं उघडताना दिलेल्या नंबरवरच येतो. तुमचा नंबर तोच आहे ना?

नव्हता. तो नंबर मी सात वर्षांपूर्वी सोडला. इकडे त्या कंपनीच्या टॉवरला वांदर लटकले तरी रेंज जायची. आणि सोडलेला नंबर काही मसणात जात नाही, तो दुसऱ्या कोणाच्या तरी नशिबी जातो. मी माझ्याच जुन्या नंबरला फोन लावला. आधी ती बाई आली, तुला ठाऊक असेल, ओटीपी कोणालाही सांगू नका म्हणून फोनच्या आतून बजावणारी. तिचं भाषण संपल्यावर घंटी, आणि मग, "आपण संपर्क करू इच्छिता तो ग्राहक क्षेत्राबाहेर आहे." असं चार दिवस. सतरा तारखेला अचानक फोन उचलला गेला. मागे बाजाराचा गोंगाट. मी म्हटलं, मी सुगंधाबाई बोलते, तुमच्या फोनवर एक ओटीपी येईल, तेवढा सांगा. फोन कट. मीच ऐकलं असतं तर मीही कट केला असता. मी जितकी सभ्य भाषा वापरीन तितकी मी जास्त चोर वाटणार होते.

चोवीस तारखेला पुन्हा लागला. यावेळी मी आधी गाव विचारलं, पीकपाणी विचारलं. तिकडून बाईचा शांत आवाज आला. "सुगंधाबाई म्हंजे मास्तरीन का, आरमोरीच्या?" मी हो म्हटलं. "सात वर्सं झाले जी, तुमचे फोन मी उचलून राह्यली. तुमच्या विम्यावाल्याले मीच सांगितलं का बाई मेली, तवा त्याचे फोन बंद झाले. तुमचा एक साहेब होता, म्हने पोरायच्या कपड्याचं माप पाठवा. मी म्हटलं, नाई पाठवत, काय करतं ते कर." आता मला कळलं, त्यावर्षी मला कारणे दाखवा नोटीस का आली होती. मी तेव्हा पाच पानी खुलासा लिहिला होता. हिला एका वाक्यात जमलं होतं.

तिचं नाव बुधरी. गाव कोसमटोला, मुलचेऱ्याच्या पुढं जंगलात. आठवड्याच्या बाजाराला ती मुलचेऱ्याला येते तेव्हाच तिच्या फोनला जीव असतो. ओटीपीचं म्हणशील तर तिनं साफ सांगितलं, "बचत गटाच्या मिटिंगमदी आमाले सांगितलं हाये, ओटीपी मांगनारा गोड बोलते. तुमी गोड बोलून राह्यल्या. खरंच मास्तरीन असान तर येऊन दाखवा." पुढचा बाजार एक तारखेला, म्हणजे कंपनी मावळल्यावर दुसऱ्या दिवशी. त्याआधी तिला मुलचेऱ्याला बोलवावं तर तिचा धान उभा होता. तेव्हा सव्वीसला आम्ही निघालो. हे माझ्या सोबतीला म्हणून आले, वाघापासून वाचवायला, हातात छत्री घेऊन. गडचिरोली, चामोर्शी, मुलचेरा, तीन एसट्या. दर एसटीत यांचं एकच, "गाने गेले तं गेले, तूच म्हनून दाखवजो." मुलचेऱ्याला बंगाल्याच्या दुकानात यांनी रसगुल्ले खाल्ले आणि प्रवासाचा हेतू सफल झाल्यासारखे तिथंच टेकले. मी उठवून ऑटोत घातले.

कोसमटोल्याला बुधरी अंगणात धानाच्या पेंढ्या बांधत होती. चाळिशीची, काटक, बोलणं थोडं आणि पाहणं फार. मी ओळखपत्र काढून दिलं. तिनं फोटो पाहिला, मला पाहिलं आणि म्हणाली, "हे तुमी नाई." (वीस वर्षांपूर्वीचा फोटो आहे, बाई. तुला तरी पटतो का?) मी म्हटलं, सरकारी शिक्का आहे. ती म्हणाली, "शिक्का तं ठगायजवळच पक्का असते." तिचा नवरा लच्छू हसला आणि तिनं पाहताच हसायचा थांबला. मग बुधरी म्हणाली, "गान्यासाठी आल्या म्हनता, तं म्हना एक गानं." आता माझा आवाज तुला ठाऊक आहे. प्रार्थनेच्या वेळी मुख्याध्यापिका असूनही मला मागच्या रांगेत उभं करत. मी एक ओळ म्हटली. अंगणातली कोंबडी उठून गेली. बुधरीचा उरलासुरला विश्वासही तिच्यामागे निघाला होता, तेवढ्यात हे, छत्री भिंतीला लावून, खाली मान घालून म्हणायला लागले:

बांधी बांधी पानी गे बाई, पऱ्हा धरते मूळ,
धुऱ्यावरची सासू माही, पायाले नाई धूळ.

अख्खं गाणं म्हटलं, सहाही कडवी, एकदाही न अडखळता. बारा वर्षं मी बाजूच्या खोलीत ती गाणी लावून ऐकत होते आणि हे पेपर वाचत होते अशी माझी समजूत होती. गाणं संपताच हे छत्री उचलून एसटीची वेळ विचारायला लागले. बुधरी म्हणाली, "बुवा खरे दिसतात. चला."

पण अडचण इथून सुरू होते. बुधरीच्या फोनला रेंज येते ती गावामागच्या टेकडीवरल्या एका मोठ्या दगडावर उभं राहिलं तरच, आणि तिथं फक्त मेसेज उतरतो, बोलणं उतरत नाही. माझ्या फोनचं इंटरनेट चालतं ते डांबरी सडकेवर, दीड किलोमीटर लांब. मधे सगळ्या बांध्या. (तू विचारशील, तिचं सीम काढून का नाही नेलं. मीही विचारलं. ती म्हणाली, सीम हातातून देणार नाही, तेही मिटिंगमध्ये सांगितलं आहे. ती मिटिंग कोणी घेतली त्याला राष्ट्रपती पुरस्कार द्यायला पाहिजे आणि नंतर मारायला पाहिजे.) ओटीपी जगतो दहा मिनिटं. तीनदा फसलं तर खातं सात दिवस कुलपात, आणि आमच्याकडे उरले होते चार.

पहिल्यांदा लच्छूनं सायकलवर नंबर आणायचा ठरलं. मी सडकेवर बटण दाबलं, दगडावर ओटीपी उतरला, लच्छू निघाला. अकराव्या मिनिटाला पोचला, घामानं निथळत, आणि नंबर अगदी बरोबर सांगितला. मोबाईल म्हणाला, मुदत संपली. लच्छू मलाच विचारत होता, "तिकून कोनी पाहून राह्यलं का जी, घड्याळ लावून?"

दुसऱ्यांदा बुधरीनं बांध्यांत धान कापणाऱ्या बायांना सांगितलं. आठ जणी दगडापासून सडकेपर्यंत अंतराअंतरानं उभ्या, शेवटी हे, आणि मी मोबाईल घेऊन. जो नंबर जगात कोणालाही सांगायचा नसतो तो आता आठ बाया रानभर ओरडणार होत्या. आकडे भराभर आले, चार मिनिटांत. मी टाकले. चूक. मधली एक जण आकडा गोंडीत पुढं द्यायची. गोंडीत सहाला सारुंग म्हणतात, पुढच्या बाईला ऐकू आलं सात. यांनी 'सात' असं तळहातावर ठळक लिहून घेतलं होतं आणि ते दाखवून माझ्याशी भांडत होते की त्यांचं काहीच चुकलेलं नाही.

आता एकच राहिलं होतं. मी सडकेच्या कडेला दगडावर बसले. खरं सांगते, मला रडू आलं. हे म्हणाले उद्या येऊ, मी म्हटलं उद्याही हेच होणार. तेवढ्यात बुधरी टेकडीवरून दीड किलोमीटर चालत आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "ओरडून नाई होत, मास्तरीनबाई. रोवन्यात करतो तसं करा लागते. एकीनं सोडाचा, दुसरीनं झेलाचा, झेलल्यावर तोच पयलीले परत म्हनून दाखवाचा. मंग पुढं." आणि जाताना वाटेत प्रत्येकीला थांबून समजावत ती परत गेली. मी तिला दगडावर चढलेली पाहिली, ठिपक्याएवढी, आणि बटण दाबलं.

मग लांबून पहिला आकडा आला. "नऊ गे नऊ." "नऊ गे नऊ," पुढची. परत मागे, मग पुढं. एकेक आकडा बांधी ओलांडत येत होता, कुणाचा आवाज जाड, कुणाचा बारीक, कापलेल्या धानावरून. कोणाला घाई नव्हती. घाई फक्त माझ्या हातातल्या मोबाईलला होती, तो उलटे सेकंद मोजत होता. सहावा आकडा यांच्यापर्यंत आला तेव्हा नऊ मिनिटं झाली होती. यांनी तो लिहिला नाही, म्हणूनच दाखवला, त्याच चालीत. मी टाकला. मोबाईलनं हिरवी खूण दाखवली: तुमचं सामान बांधणं सुरू आहे. मी हात वर केला आणि आठही जणी पुन्हा कापायला वाकल्या, जणू मधे काही झालंच नव्हतं.

निघताना मी बुधरीला म्हटलं, पुढच्या पावसाळ्यात येते, तुमचीही गाणी घेते. ती म्हणाली, "आमचे नोको घेऊ जी. तुमच्या कंपन्या बंद पडतात. आमचे गाने अजून चालू हायेत." तिनं पेंढी बांधायला घेतली आणि एवढंच म्हणाली की तुमच्या लोकांना नवीन नंबर कळवा, माझा धान पडून राहतो. मी तिथंच बसून बत्तीस जणांना मेसेज लिहिले, सडकेवर येऊन पाठवले.

तर असं झालं. कंपनी ठरल्या दिवशी मावळली, त्याआधी इकडच्या सेवा केंद्रात सामान उतरवून घेतलं. भाऊजींना नमस्कार, गायीला लांबूनच नमस्कार. शेजारपाजारी विचारतील त्यांना सांग, सुगंधाची गाणी वाचली.

तुझी धाकटी बहीण,
सुगंधा

ता. क. सगळी वाचली हे खरं नाही. दोनशे बारांपैकी दोनशे एक उघडली. अकरा उघडत नाहीत, सेवा केंद्रातल्या रंजीतानं दोन दिवस खटपट करून पाहिली. त्यांतली दहा दुसऱ्या बायांना येतात, मी माघ-फाल्गुनात फिरून घेईन.

ता. क. २. अकरावं आईचं आहे. ती गेली त्याच्या आधीच्या रोवणीतलं. मागून तू झेलते आहेस.

ता. क. ३. तुझ्या दिव्यानीच्या लग्नात मी सगळ्यांसमोर तुझा आवाज चिरका म्हटला. तेव्हापासून तू माझा फोन उचलत नाहीस आणि माझ्यासमोर तोंड उघडणार नाही म्हणतेस. तो शब्द मी लेखी मागे घेते, खाली सही करते, कागद जपून ठेव. आवाज उंच आहे, चिरका नाही. संक्रांतीआधी ये. मधलं कडवं विसरली असशील तरी ये. मला तर पहिल्या ओळीच्या पुढं काहीच आठवत नाही, गुणाबाई.

सुगंधा